म्युनिकमध्ये बसून औशाकडं दोन एकर घ्यावं का?

मांजराकाठचा: मी म्युनिकमध्ये, सॉफ्टवेअरमध्ये बॅकएंडचं काम. भावकीतल्या काकांना आमच्या बांधालगतचं दोन एकर विकायचंय. बाबा रोज सकाळी 9 ला फोन करतात, इथं तेव्हा साडेपाच. मागं सोयाबीनचं मळणीयंत्र घरघरत असतं, अन् बाबा ओरडून विचारतात, "परक्याच्या घशात जाऊ द्यायचं का?" घेऊ का?

उदगीरची लेक: दादा, तुमच्या नावावर होणारच नाही. फेमा, म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायद्यानुसार, अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही, बक्षीसपत्रानंही नाही. वारसानं मिळते तेवढीच. बाबांच्या नावानं खरेदीखत करा, पैसे तुम्ही पाठवा. मुलानं बापाला दिलेल्या पैशावर बापाला प्राप्तिकर लागत नाही. अन् गावाकडचं जुनं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं रुपयातलं खातं, करून घेतलंय ना?

डॅलसवाला परभणीकर: कायदा राहू द्या, पाणी बघा आधी! 2016 ला तुमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं. बोअर कोरडा असला तर दोन एकर काय चाटायचंय? हौसच असंल तर घ्या बापा.

मांजराकाठचा: खातं एनआरओच आहे. विहीर आहे, पण सामाईक. पाण्याच्या पाळ्या सातबाऱ्यावर थोड्याच कळतात, ते काकांनाच विचारावं लागंल.

उदगीरची लेक: बाबांनी मृत्युपत्र नाही केलं तर पुढं बहिणीचाही सारखा हिस्सा, हे धरून चाला.

मांजराकाठचा: असू द्या की. पेरणीला रानात तीच उभी असते.