गाडीतला तो पिवळा दिवा: तुमचे किस्से लिहा

काल लेकीचा कॉलेजातून फोन. "आई, गाडीत इंजिनाच्या चित्राचा दिवा लागलाय. मी चालवू का?" आणि मला एकदम २०११ आठवलं.

जुनी मिनीव्हॅन, मागे दोन कारसीट, मधे सासू-सासरे, आणि नायगारा. आम्ही न्यू जर्सीवाले. इथे पेट्रोल स्वतः भरायला कायद्यानेच बंदी. त्यामुळे पेनसिल्व्हेनियात शिरल्यावर बाबा हौसेने उतरले, "आज मी भरणार." भरलं, झाकणही लावलं, पण कट् कट् वाजेपर्यंत फिरवलं नाही. परतताना बिंगहॅम्टनच्या अलीकडे दिवा पेटला. सासूबाईंचं अथर्वशीर्ष सुरू, नवरा घामाघूम. पार्टसच्या दुकानात गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदलेला बिघाडाचा कोड फुकट वाचून देतात, तिथे गेलो. पी ०४५५. म्हणजे टाकीतली वाफ कुठूनतरी भसाभसा सुटतेय. दुकानातल्या पोराने न बोलता झाकण फिरवलं. कट् कट् कट्. बाबा गाडीतून उतरलेच नाहीत.

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. मी अजून ते कट् कट् तीनदा मोजते.

चहाबाज
लेकीचं काय झालं ते सांगा आधी! दिवा स्थिर आहे की लुकलुकतोय? लुकलुकत असेल तर गाडी बाजूला घ्यायला सांगा. मिसफायर असतं, म्हणजे सिलिंडरात पेट्रोल नीट पेटत नाही. ते न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमधे (धूर स्वच्छ करणारा डबा) जाऊन तिथे जळतं आणि तो भाजून निघतो.

रिकामटेकडी
आमच्याकडे त्या दिव्यावर टिकली लावली होती. चार वर्षं.

घाटवाट
टिकली 😂😂

उंबरठा
पुण्याहून. सात सीटर डिझेल, गणपतीला कोकणात निघालेलो, कशेडीच्या आधी दिवा. महाडला एका पोराने स्कॅनर लावला, सेन्सरचा कोड. सेन्सर ठणठणीत, वायर कुरतडलेली. बॉनेटखाली अर्धी भाकरी सापडली. आमच्याच घरची.

घाटवाट
बाप्पाचं वाहन तुमच्या वाहनात

सुगरणबाई
उंदरांसाठी तंबाखूची पुडी बांधून ठेवा इंजिनापाशी. आमच्या सोसायटीत सगळेच ठेवतात. वॉचमन मधूनमधून काढून खातो तो भाग वेगळा.

चहाबाज
धागाकर्त्या ताई, दिवा लगेच का नाही लागला ते सांगतो. ती वाफेची चाचणी बहुतेक गाड्यांत गाडी काही तास थंड पडून राहिल्यावरच होते, आणि साधारण दोन फेऱ्यांत नापास झाल्याशिवाय दिवा लागत नाही. झाकण घट्ट केलं तरी विझायला तीनचार फेऱ्या जातात. लोक तेवढ्यात घाबरून गॅरेज गाठतात.

परदेशी_पाहुणा
आमचा पी ०४२०, म्हणजे कन्व्हर्टर नीट काम करत नाही. गॅरेजवाला म्हणे कन्व्हर्टर बदला, १८०० डॉलर. बदलला. महिन्याने तोच दिवा, तोच कोड. दुसऱ्याने पाहिलं तर सायलेन्सरच्या पाइपला सेन्सरच्या अलीकडे भेग. कोडवरून ताप आहे एवढंच कळतं हो, मलेरिया की डेंगी ते नाही. वर कळलं की अमेरिकेत कन्व्हर्टरला ८ वर्षं किंवा ८०,००० मैलांची वॉरंटी कायद्यानेच असते. आमची ७१,००० ला होती. हे शेजाऱ्याने सांगितलं, पैसे भरून झाल्यावर.

सुगरणबाई
अरेरे. शेजारी असेच असतात.

मधलीसुट्टी
(ऑफिसातून, घाईत) पी ०३०४ आला, म्हणजे चार नंबरच्या सिलिंडरात मिसफायर. नवऱ्याने चारची कॉइल (ठिणगीला वीज देते ती) पाचला लावली, पाचची चारला. दुसऱ्या दिवशी कोड पी ०३०५! दोष कॉइलबरोबर सरकला म्हणजे कॉइलच खराब. एक कॉइल, वीस मिनिटं. नशीब पुढच्या रांगेतली होती, आमच्या व्हॅनच्या मागच्या रांगेपाशी हातच पोचत नाही. तेव्हापासून नवरा स्वतःला इंजिनिअर समजतो. तो आहेच, पण सॉफ्टवेअरचा.

घाटवाट
आमच्या भावजींनी गाडीच्या धुराच्या इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी बॅटरीची वायर काढून दिवा घालवला. मशीनने सांगितलं, गाडीच्या स्वतःच्या चाचण्या पूर्ण नाहीत, पुन्हा या. मग आठवडाभर रोज संध्याकाळी ताईला हायवेवर फिरवत होते. ताई म्हणे लग्नानंतर पहिल्यांदाच.

रिकामटेकडी
😂 नायगाराला खायला काय नेलं होतं?

धागाकर्ती
शंकरपाळे, आणि तिखटमिठाच्या पुऱ्या. बाबांना पुऱ्या लागायच्याच.

लेकीचं अपडेट: दिवा स्थिर. मैत्रिणीकडे ब्लूटूथवाला स्कॅनर होता, पी ०१२८. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवून धरणारी झडप, उघडाच अडकलाय, इंजिन नीट तापतच नाही. कूलंटची पातळी पण बघून घेतली, ती ठीक. म्हणूनच हीटर कोमट हवा फेकत होता, आणि ही बया तीन आठवडे दोन स्वेटर घालून चालवतेय. सांगायला काय होतं?

सुगरणबाई
पुऱ्यांचं प्रमाण द्या ना

चहाबाज
टिकलीवाल्या ताई, गाडी विकताना टिकली काढलीत का?

रिकामटेकडी
नाही. त्याने विचारलंच नाही.