टास्क ॲपचा नवा इंटरफेस डोक्यात जातोय, जुना लिस्ट व्ह्यू परत मिळेल का? मदत हवी आहे

यादीवाली

नमस्कार मंडळी, वैतागून लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आमच्या टीमचं सगळं काम एका टास्क मॅनेजमेंट ॲपवर चालतं. नाव मुद्दाम देत नाहीये, कारण नाव दिलं की धागा 'ते सोडा, हे घ्या' वर जातो आणि मूळ प्रश्न राहतो बाजूला. सोडायचा पर्याय सध्या नाहीच, टीम त्यावर आहे, क्लायंट त्यात आहेत, जुनं सगळं काम तिथेच साठलंय. तर त्यांनी इंटरफेस बदललाय. सुरुवातीला कोपऱ्यात 'जुन्या व्ह्यूवर परत जा' अशी लिंक होती, ती आम्ही इमानेइतबारे दाबत राहिलो आणि मग एक दिवस लिंकच गायब.

दिसायला छान आहे, खोटं कशाला बोलू. मोकळं मोकळं, गोल कोपरे, सगळं कसं हवेशीर. पण मला ते बघत बसायचं नाहीये, मला त्यात काम उरकायचंय. आधी एका ओळीत एक टास्क असायचा, नाव, कोणाकडे आहे, तारीख, लेबल, सगळं एका नजरेत, आता प्रत्येक टास्कचं एक ऐसपैस कार्ड झालंय आणि स्क्रीनवर आधीच्या निम्मेही टास्क मावत नाहीत. टास्कवर क्लिक केलं की उजवीकडे पॅनेल उघडायचं, डावीकडे यादी तशीच राहायची, आता पूर्ण पान उघडतं आणि बॅक केलं की यादी पुन्हा वरून सुरू, म्हणजे खालच्या टास्कपर्यंत परत स्क्रोल करत जा. गंमत म्हणजे माझ्या एका सहकाऱ्याकडे ते पॅनेल अजून उघडतंय! त्याला जुनं व्हर्जन मिळालंय का काय कळत नाही.

कीबोर्ड शॉर्टकट पण बदललेत. इंग्रजी 'ई'ची कळ दाबली की एडिट व्हायचं, आता 'ई' दाबलं की टास्क अर्काइव्ह होतो. हे कोणाच्या डोक्यातून आलं देव जाणे. बोटांना जुनी सवय आहे, ती डोक्याला विचारून थोडीच चालतात. वर हे नवे शॉर्टकट मधूनच चालतात, मधूनच चालत नाहीत, का ते कळत नाही.

आणि सगळ्यात वाईट ते तारखांचं. आधी टास्कला एकच तारीख असायची. आता सुरुवातीची वेगळी आणि शेवटची वेगळी. आमच्या जुन्या तारखा सगळ्या शेवटच्या रकान्यात जाऊन बसल्या, सुरुवातीचा रकाना रिकामा, आणि 'आज' नावाचा जो व्ह्यू आहे तो आता सुरुवातीच्या तारखेवरून यादी काढतो. म्हणजे आज द्यायचं काम 'आज'मध्ये दिसतच नाही!! बाकी सगळं एकवेळ सहन करीन पण हे कसं करायचं.

तर प्रश्न असे की जुना व्ह्यू परत आणायची काही युक्ती आहे का, डेस्कटॉप ॲपचं जुनं व्हर्जन टाकलं तर चालेल का, आणि उद्या खरंच सोडायची वेळ आली तर डेटा नीट बाहेर काढायचा कसा. कृपया 'हळूहळू सवय होईल' सांगू नका.

खटपट्या

जुनं डेस्कटॉप व्हर्जन टाकून बहुतेक उपयोग होणार नाही. अशी बरीचशी डेस्कटॉप ॲप्स म्हणजे इलेक्ट्रॉन नावाच्या साधनाच्या खोक्यात बसवलेली वेबसाइटच असते, खोकं जुनं ठेवलं तरी आतलं पान सर्व्हरवरून नवंच येतं. मोबाइलवर ऑटो अपडेट बंद ठेवून थोडे दिवस ढकलता येतात, पण इकडून तिकडून जुनी एपीके (अँड्रॉइड ॲपची फाइल) शोधून टाकू नका, ऑफिसचा डेटा आहे.

सहकाऱ्याचं दोनपैकी एक कारण असेल. एक, या कंपन्या बदल सगळ्यांना एकदम देत नाहीत, फीचर फ्लॅग लावून टप्प्याटप्प्याने सोडतात, त्यामुळे एकाच टीममध्ये दोघांना दोन वेगळी ॲप्स दिसू शकतात. दोन, त्याचा स्क्रीन मोठा असेल. तुमचा लॅपटॉप कुठल्या रिझोल्यूशनचा, विंडोजचं स्केलिंग किती आणि ब्राउझरचा झूम किती, हे सांगा आधी.

यादीवाली

१९२० बाय १०८०. स्केलिंग १५० टक्के, लॅपटॉप घेतल्यापासून तेवढंच आहे, मी हात नाही लावला. ब्राउझरचा झूम ११०. आणि हो, त्याच्याकडे मोठा मॉनिटर आहे!

खटपट्या

मग सापडलं बहुतेक. १५० टक्के स्केलिंग म्हणजे ब्राउझरच्या हिशोबाने तुमच्या स्क्रीनची रुंदी १९२० नाही, १२८०. त्यावर ११० टक्के झूम म्हणजे उरले साधारण ११६०. नव्या डिझाइनमध्ये ठरावीक रुंदीच्या खाली गेलं की पॅनेलऐवजी पूर्ण पान उघडायचं असा नियम घातलेला असणार, पुष्कळ ठिकाणी ही रेघ १२०० च्या आसपास असते. ॲपला वाटतंय तुम्ही टॅबलेटवर आहात. झूम ९० करून बघा, रुंदी १४२० च्या वर जाईल. पॅनेल आलं तर फीचर फ्लॅग वगैरे काही नाही, रुंदीचाच खेळ होता. त्या साइटपुरताच झूम लक्षात राहतो, बाकीच्या साइट्स बिघडणार नाहीत.

यादीवाली

आलं!!! पॅनेल आलं. ९० वर आलं. आणि यादीपण जरा दाट झाली. आता सपोर्टवाल्यांना हे का सांगता येत नव्हतं, त्यांनी मला कॅशे क्लिअर करा, लॉगआउट करून लॉगइन करा हेच सांगितलं फिरवून फिरवून. अक्षरं मात्र बारीक झाली आहेत, माझे डोळे काही विशीतले नाहीत.

खटपट्या

ब्राउझरला स्टायलस नावाचं एक्स्टेन्शन टाका, त्यात त्या साइटपुरतं आपलं सीएसएस, म्हणजे पान कसं दिसावं याचे नियम, लिहिता येतं. फक्त टास्कच्या नावाचा फॉन्ट मोठा करा आणि कार्डाचं पॅडिंग (आतली मोकळी जागा) निम्मं करा, चार ओळींचं काम आहे. एक काळजी घ्या, पानाच्या कोडमधली क्लासची नावं बघून नियम लिहू नका. ती हल्ली मशीनने बनवलेली अगम्य अक्षरं असतात आणि प्रत्येक रिलीजला बदलतात, मग तुमचं सीएसएस एका सकाळी आपोआप मेलेलं असतं. त्याऐवजी एरिया-लेबल (aria-label) किंवा रोल (role) असले ॲट्रिब्यूट, म्हणजे हा भाग कशाचा आहे ते सांगणाऱ्या कोडमधल्या खुणा, धरून लिहा, ते जास्त टिकतात. आणि ते नवीन एआय मदतनीसाचं बटण, 'नवीन काय आहे'चे फुगे, हे सगळं यूब्लॉक ओरिजिन या एक्स्टेन्शनच्या एलिमेंट पिकरने उडवता येतं (ते आता क्रोममध्ये चालत नाही, फायरफॉक्समध्ये चालतं). ऑफिसच्या लॅपटॉपवर एक्स्टेन्शनला परवानगी आहे का तेवढं आयटीला विचारून घ्या.

दुसरीबाजू

शिव्या खायची तयारी ठेवून लिहितोय, कारण मी असलीच सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांपैकी आहे (तुमचं ॲप नव्हे).

दाट यादी तुम्हाला आवडते कारण तुम्ही ती रोज बघता. नवीन माणूस तीच यादी बघून पळून जातो, आणि विकत घ्यायचं की नाही ते ट्रायलवाला नवीन माणूस ठरवतो, जुना तर अडकलेलाच असतो. कटू आहे पण मीटिंगमध्ये हाच हिशोब चालतो. शिवाय तीच यादी बोटाने फोनवर वापरायची तर ओळ उंच लागते. २०२३ च्या डब्ल्यूसीएजी २.२ मध्ये (वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी म्हणून केलेले ॲक्सेसिबिलिटीचे नियम) क्लिक करायच्या जागेला किमान २४ बाय २४ पिक्सेल धरलेत, त्यात अपवाद आहेत, पण जुन्या डिझाइनमधले ते इवलेसे आयकॉन त्यात बसत नसणार. आणि जुना नवा दोन्ही व्ह्यू ठेवले की प्रत्येक गोष्ट दोनदा टेस्ट करावी लागते, म्हणून ती 'परत जा' लिंक काढतातच. ऑफिस २००७ ला मेनूच्या जागी रिबन (वरची बटणांची पट्टी) आला तेव्हा केवढी बोंबाबोंब झाली होती, आज कोणाला जुने मेनू आठवतात?

यादीवाली

मोकळ्या जागेचं मान्य, मोबाइलचं मान्य. पण रिबनने तुमच्या फाइलमधल्या मजकुराचा अर्थ नव्हता बदलला. बटणं हलली, शोधली, सापडली, विषय संपला. इथे 'आज' या व्ह्यूचा अर्थच बदलला आणि एका क्लायंटला द्यायचं काम राहून गेलं, कारण सगळ्यांनी नेहमीसारखं 'आज' उघडून बघितलं आणि त्यात ते नव्हतं. याला सवयीचा प्रश्न म्हणू नका हो. रंग बदला, कोपरे गोल करा, काय करायचं ते करा, पण आमच्या डेटाकडे बघायची रीत आम्हाला न विचारता बदलायची नाही, एवढंच माझं म्हणणं आहे. आणि बोंबाबोंबीचंच म्हणाल तर विंडोज ८ ने २०१२ मध्ये स्टार्ट बटण काढलं, लोक इतके ओरडले की २०१३ च्या ८.१ मध्ये बटण आणि २०१५ ला विंडोज १० मध्ये पूर्ण मेनू परत आणावा लागला.

दुसरीबाजू

तारखांचं तुमचं बरोबर आहे, ते डिझाइन नाही, मायग्रेशन (जुना डेटा नव्या रचनेत हलवणं) आहे आणि ढिसाळ आहे. हे असंच्या असं सपोर्टला लिहा. 'जुनं छान होतं' लिहिलेली तिकिटं एका ढिगात जातात, 'मुदत आज असलेला टास्क आजच्या यादीत येत नाही' हे बग म्हणून नोंदतात. सोबत दोन टास्कचे स्क्रीनशॉट द्या. तुमच्या वर्कस्पेसच्या ॲडमिनलाही विचारा, काही कंपन्या वरच्या प्लॅनवाल्यांना बदल उशिरा घ्यायची सोय देतात, ॲटलासियन क्लाउडमध्ये रिलीज ट्रॅक म्हणून आहे तसं. आणि बेसकॅम्पवाल्यांनी तर नवीन आवृत्ती काढली तरी जुन्या आवृत्त्या जुन्या ग्राहकांसाठी चालू ठेवल्यात. म्हणजे करता येतं, करायचं असेल तर.

टंकक

शॉर्टकट मधूनच चालत नाहीत म्हणालात, तेव्हा तुमचा कीबोर्ड मराठीवर असतो का?

नव्या कोडमध्ये कुठली कळ दाबली यापेक्षा कुठलं अक्षर उमटलं हे तपासत असतील. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डवर असताना तीच कळ दाबली की 'ई' नाही, 'आ'ची मात्रा जाते, ॲपला काही कळत नाही, ते गप्प बसतं. टास्कचं नाव मराठीत टाइप करून लगेच शॉर्टकट मारला की हे होणार. विंडोज आणि स्पेसबार दाबून इंग्रजीवर या आणि मग मारून बघा.

दुसरं, एका अक्षराच्या शॉर्टकटबद्दल डब्ल्यूसीएजीमध्ये २.१ पासून, म्हणजे २०१८ पासून, नियम आहे, क्रमांक २.१.४. असे शॉर्टकट बंद करता आले पाहिजेत, नाहीतर बदलता आले पाहिजेत, नाहीतर त्या गोष्टीवर फोकस असतानाच चालले पाहिजेत. म्हणून आधी सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटीखाली शोधा, तिथे ते बंद करायचं बटण लपवलेलं असतं बरेचदा. नसेल तर तिकिटात हा क्रमांक टाका, नियमाचा क्रमांक दिसला की उत्तर जरा वेगळ्या माणसाकडून येतं.

यादीवाली

अगं बाई, हेच होतं! मराठीवर असताना चालत नाहीत. आणि ॲक्सेसिबिलिटीत खरंच आहे बंद करायचं बटण, पहिलं काम ते केलं, अर्काइव्हचं भूत तरी उतरलं. आता 'आज'चं काय करू?

खटपट्या

'आज' विसरा, स्वतःचा फिल्टर बनवा. मुदत आज किंवा त्याआधी, आणि पूर्ण झालेला नाही, या दोन अटी पुरतात. सुरुवात आजची असलेलेही हवे असतील तर तिसरी अट 'किंवा'ने जोडा. सेव्ह करा, टीमला शेअर करा, आणि त्या फिल्टरचं पान उघडून यूआरएल बुकमार्क करून तेच होमपेज म्हणून ठेवा. मग ॲपने पहिलं पान काहीही दाखवू दे, तुम्ही तिथे जातच नाही. कॅलेंडर फीडची सोय असेल तर तीही जोडून ठेवा, मुदती तुमच्या कॅलेंडरमध्ये दिसत राहतील, फक्त तो फीड एकतर्फी असतो आणि उशिरा ताजा होतो, त्यावर पूर्ण विसंबू नका. रिकाम्या सुरुवातीच्या तारखा मात्र घाईघाईने भरत बसू नका, त्यांनी उद्या मायग्रेशन सुधारलं तर दुप्पट गोंधळ.

निमूट

डेटा बाहेर काढण्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. सोडायचं नसलं तरी अधूनमधून एक्स्पोर्ट घेऊन ठेवा. वंडरलिस्ट आठवतंय का, मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये घेतलं आणि ६ मे २०२० ला बंद झालं. तिथे पुरेशी आधी सूचना आणि टू डूमध्ये आणायची सोय तरी होती, सगळीकडे ती असेलच असं नाही.

सीएसव्हीवर (साध्या तक्त्याच्या फाइलवर) फार भरवसा ठेवू नका. त्यात टास्कचं नाव, तारीख, कोणाकडे, एवढं येतं. कमेंट बऱ्याचदा येत नाहीत, अटॅचमेंटच्या जागी नुसती लिंक येते आणि ती काही काळाने मरते, दर सोमवारी येणाऱ्या टास्कचा नियम जातो आणि एकच तारीख उरते, सबटास्क कोणाचा सबटास्क तेही कधीकधी कळत नाही. जेसन (JSON) या जास्त तपशील ठेवणाऱ्या फाइलमध्ये एक्स्पोर्ट असेल तर तो घ्या, नाहीतर एपीआयमधून (प्रोग्रॅम लिहून ॲपमधला डेटा घ्यायची सोय) काढून देणारं कोणी टीममध्ये शोधा.

आणि मराठी नावं असतील तर सीएसव्ही फाइल डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडू नका, सगळ्याचा चिखल दिसतो आणि माणूस घाबरतो की डेटाच गेला. डेटा ठीक असतो. एक्सेल आधी उघडा, डेटा टॅबमधून 'टेक्स्ट किंवा सीएसव्हीमधून' घ्या आणि फाइल ओरिजिनमध्ये ६५००१ यूटीएफ-८ निवडा. चिखल दिसत असताना सेव्ह मात्र करू नका, मग खरंच जातो.

यादीवाली

फिल्टर केला, टीमला पाठवला, दोघांनी लगेच विचारलं की जुना व्ह्यू परत आला का. एक्स्पोर्टमध्ये कमेंट खरंच नाहीत, आता एपीआयवाला माणूस शोधते. तारखांचं तिकीट टाकलंय स्क्रीनशॉटसकट.

एकच राहिलं. पॅनेलमधून टास्क पूर्ण केला की तो तत्क्षणी यादीतून उडतो आणि खालचा वर सरकतो, घाईत दुसऱ्या क्लिकला तोच पूर्ण होऊन बसतो. आधी तो दिवसभर खोडलेला दिसायचा. याला काही?

टंकक

फिल्टरमधली 'पूर्ण झालेला नाही' ही अट काढा आणि त्याजागी 'पूर्ण झालेला नाही किंवा आज पूर्ण झाला' अशी टाका. टास्क जागेवर राहील. 'आज पूर्ण झाला' ही अट तुमच्या ॲपमध्ये नसेल तर कळवा, दुसरं काहीतरी बघू.