वडिलांना रिहॅब सेंटरला ॲडमिट करायचंय, तिथे दिवसभर नक्की काय करतात?

कंदीपेढा:
नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय, चुका सांभाळून घ्या. बाबांच्या (वय ६८) अंगावरून वारं गेलं त्याला आज सतरा दिवस झाले. उजवी बाजू गेलीये, पाय थोडा हलतो, हात अजिबात नाही, आणि बोलणं गेलंय म्हणजे आवाज निघतो पण काहीही विचारलं तरी "हो हो" एवढंच, हो असलं तरी हो आणि नाही असलं तरी हो. आता नाकातली नळी आणि लघवीची नळी दोन्हीसकट डिस्चार्ज देतायत आणि न्यूरोवाले डॉक्टर म्हणतात पुण्याला रिहॅबमध्ये महिना-दीड महिना ठेवा. आम्ही साताऱ्याचे. भाऊ म्हणतो घरी फिजिओ लावू, रोज तासभर येईल, तेवढ्यासाठी ॲडमिट कशाला? आईला तर रिहॅब म्हणजे दारू सोडवायचं सेंटर एवढंच माहिती, तिला वाटतंय आपण ह्यांना कुठेतरी टाकून येतोय. आणि गावाकडून रोज एक फोन, कबुतराचं रक्त चोळा म्हणून. कुणाच्या घरचं कुणी राहिलंय का अशा ठिकाणी? दिवसभर काय करून घेतात, सोबत कुणी राहायचं का, डबा चालतो का, सगळं सांगा प्लीज.

वाकडेवाडी_लोकल:
ताई, आधी कबुतरवाल्यांचा फोन उचलू नका.
माझ्या सासूबाई ३८ दिवस होत्या, त्यांची डावी बाजू गेली होती. पहिले दोन दिवस तर आमची चिडचिडच झाली, कारण नुसती तपासणी. एकेक जण येऊन पाय किती उचलतो, बसल्यावर तोल जातो का, चमचा धरता येतो का, सगळं लिहून घेत होते, शंभरपैकी मार्क देतात, आमच्या ३० होते. घरी जाताना ७० होते म्हणून ते मार्क लक्षात राहिले. तिसऱ्या दिवशी सिस्टर म्हणाली आजींना ओटीला नेलंय, सासरे घाबरून उभेच राहिले, ऑपरेशन कसलं म्हणे! तिथे ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे जेवण, अंघोळ, कपडे, केस विंचरणं हे सगळं एका हाताने आणि नंतर दोन्ही हातांनी करायला शिकवतात.
सकाळी फिजिओ, मग आराम, मग ओटी, जेवण, झोप, परत चारला फिजिओ असं चालायचं. सुरुवातीला वीस मिनिटांत थकून झोपायच्या, आम्हाला वाटलं बिघडतंय की काय पण तो थकवा असतोच. एक गोष्ट सांगते, एकदा त्यांना ब्लाउज घालायला पंचवीस मिनिटं लागली, मी दोन मिनिटांत घातला असता, हात पुढे केला तर ओटीवाल्या मॅडमनी मलाच मागे केलं. घालताना आधी लुळा हात, काढताना आधी चांगला हात, हे आता आमच्या घरात नातवाला पण पाठ आहे.
आणि हो, त्यांना डावीकडचं काही असतं हेच कळायचं नाही. ताटातली उजवीकडची पोळी-भाजी खायच्या आणि आमटी वाढलीच नाही म्हणून माझ्यावर चिडायच्या. वाटी समोर डावीकडे! तुमच्या बाबांची बाजू उलटी आहे म्हणून बोलण्यावर आलंय, तिथे स्पीच थेरपी जास्त लागेल.
सोबत नेताना ढगळ इलॅस्टिकच्या पँटी, पुढून बटणाचे शर्ट, मागून पट्टा असलेले सँडल (स्लीपर नको), चष्मा, कवळी. कवळीशिवाय स्पीचवाले काय बोलायला शिकवणार.

स्प्लिंट_आणि_चहा:
मी ओटी आहे (ऑपरेशनवाली नाही 😄). थोडं सविस्तर लिहिते, कारण भावाचं म्हणणं पूर्ण चूक नाहीये. ज्याला फक्त हाता-पायाचा व्यायाम लागतो त्याला घरी फिजिओ चालतो. पण तुमच्या बाबांना नाकात नळी आहे, लघवीची नळी आहे, बोलणं नाही, म्हणजे कामं चार आणि घरी येणारा माणूस एक. आणि हे सगळ्यात जास्त सुधारायचे दिवस पहिल्या तीन महिन्यांतले, त्यानंतरही सुधारणा होते पण सावकाश.
नळीचं म्हणाल तर स्पीच थेरपिस्टच गिळण्याची तपासणी करते. लोकांना वाटतं पाणी सोपं, पण उलट आहे, पातळ पाण्यानेच ठसका लागतो आणि ते फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया. म्हणून सुरुवात घट्टसर पदार्थाने होते, पाण्यात-चहात पावडर घालून दाट करतात. त्यामुळे डबा चालतो का हे त्यांना विचारूनच. आईला सांगा, प्रेमाने चोरून चहा पाजू नका, हे मी दर महिन्याला बघते. लघवीची नळी काढून ठरावीक तासांनी भांडं द्यायचं, असं वळण लावतात. रात्री दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा.
सगळ्यात महत्त्वाचं, उठवताना लुळा हात किंवा काख धरून ओढू नका. खांदा सांध्यातून खाली उतरतो आणि मग महिनोन्‌महिने दुखतो. आजपासूनच घरातल्या सगळ्यांना सांगा.
अपेक्षेबद्दल खरं सांगते, बऱ्याच जणांचा पाय आधी येतो, हात मागे राहतो, बोटं सगळ्यात शेवटी. रिहॅबमधून पहिल्यासारखे होऊन बाहेर येतील असं धरू नका. बेडवरून खुर्चीत, खुर्चीतून संडासात, आणि एका माणसाच्या मदतीने घरात चार पावलं, हे दीड महिन्यात झालं तर चांगलं झालं म्हणायचं. मध्येच विनाकारण रडतील, ते नाटक नाही, मेंदूच्या इजेने होतं. पण सतत गप्प, जेवण नको, व्यायाम नको असं दिसलं तर डॉक्टरांना सांगा, डिप्रेशनवर औषध असतं.

पेन्शनर_कोथरूड:
सगळं गोड गोड लिहिलंय म्हणून दुसरी बाजू लिहितो. माझ्या मोठ्या भावाला एका ठिकाणी ठेवलं, नाव लिहीत नाही, पत्रकावर रोज तीन तास थेरपी आणि प्रत्यक्षात पाऊण तास, त्यात वीस मिनिटं मशीन लावून निघून जायचे. रविवारी काहीच नाही. तेव्हा ॲडमिट करायच्या आधी जाऊन या, तेही दुपारी चारला, हॉलमध्ये पेशंट दिसतायत की बेडवर पडलेत ते बघा. विचारा, पीएमआरचे म्हणजे पुनर्वसनाचे डॉक्टर रोज राउंडला असतात का, स्पीचवाली पूर्णवेळ आहे का फोन केल्यावर येते, दर आठवड्याला घरच्यांना बसवून सांगतात का. पॅकेजमध्ये डायपर, अटेंडंट, औषधं धरलीत का हे लेखी घ्या. मेडिक्लेमवाल्यांनी आम्हाला नकार दिला, हे नुसतं फिजिओथेरपीसाठी ॲडमिशन आहे म्हणे. पण पॉलिसीत डिस्चार्जनंतरच्या ६० का ९० दिवसांच्या खर्चाचं कलम असतं, त्यात फिजिओची बिलं बसतात का बघा, न्यूरोच्या डॉक्टरांची चिठ्ठी जपून ठेवा.

चाळीतला_बंड्या:
खर्च झेपत नसेल तर मुंबईला हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, १९५५ पासूनची, वॉर्ड पण आहे आणि स्प्लिंट-कॅलिपर (हाता-पायाला आधाराला बांधायचे साचे-पट्ट्या) बनवायचं वर्कशॉप तिथेच. चुलत्यांचा पायाचा स्प्लिंट तिथला. बेडसाठी थांबावं लागू शकतं आणि आधी ओपीडीत दाखवावं लागतं, कागद सगळे घेऊन जा.

कंदीपेढा:
सगळ्यांचे खूप आभार, आईला वाचून दाखवलं, चोरून चहाच्या ठिकाणी ती माझ्याकडे बघेना म्हणजे विचार होताच 😅 काका, तुमचं ऐकून उद्या दोन ठिकाणी चारलाच जाणार आहोत. आई सोबत राहिली तर चालतं का पण? तिचे गुडघे दुखतात, उचलणं जमायचं नाही.

वाकडेवाडी_लोकल:
राहू द्या की. उचलायला तिथले वॉर्डचे मामा-मावशी असतात, आणि उचलायचं नसतंच, सरकवायचं असतं, ते शिकवतात. शेवटच्या आठवड्यात तर पेशंटपेक्षा आमचीच परीक्षा होती, सिस्टर नुसती हाताची घडी घालून उभी आणि आम्ही बेडवरून व्हीलचेअरवर घेतोय. फक्त एक करा, भावाला पण दोन-तीन दिवस राहायला लावा, नंतर घरी तोच लागणार आहे.

कंदीपेढा (बारा दिवसांनी):
अपडेट देते. बाबा पुण्यात ॲडमिट आहेत. काल नाकातली नळी निघाली, घट्ट वरण आणि मऊ खिचडी खाल्ली. बोलण्याची गंमत म्हणजे साधं "पाणी" येत नाही, पण स्पीचवाल्या मॅडमनी बे एके बे सुरू केलं तर बाबा थेट बे साते चौदापर्यंत गेले, आम्ही सगळे दारात उभे. मॅडम म्हणाल्या पाठ असलेलं असं आपोआप येतं, ते बोलणं परत आलं असं धरू नका, पण त्याला धरून पुढे जाता येतं. आणि भाऊ रविवारी आला, सवयीने काखेत हात घालून उठवायला गेला तर बाबांनी अशी स्पष्ट शिवी हासडली की शेजारच्या बेडवरचे काका हसायला लागले. तो आता राहतोय चार दिवस.
घरी बाथरूमचा उंबरठा काढायला उद्या गवंडी येतोय. वेस्टर्न कमोड बसवायचाय, उंची किती ठेवायची?

स्प्लिंट_आणि_चहा:
साधारण व्हीलचेअरच्या सीटएवढी, अठरा इंचांच्या आसपास, पण तिथल्या ओटीला बाबांची उंची बघून विचारा. धरायचा दांडा डाव्या हाताला येईल असा, भिंत पक्की बघून. आणि गवंड्याला आधी दार मोजायला सांगा, खूप जणांची व्हीलचेअर दारातच अडकते.