स्वस्त लँडलाइन घेतली तर आवाजाची प्रत घसरते का?

कृष्णाकाठ:
माझी आई सांगलीत एकटी राहते आणि तिच्याकडे तांब्याच्या तारेवरची जुनी लँडलाइन आहे. पावसाळा लागला की लाइनवर इतकी खरखर सुरू होते की समोरच्याला प्रत्येक वाक्य दोनदा सांगावे लागते. लाइनमन येतो, खांबावरच्या डब्यातला ओला जोड सोडवून पुन्हा बांधून जातो, आणि पुढच्या मोठ्या पावसापर्यंत फोन बरा चालतो. आता एक खासगी कंपनी स्थानिक केबलचालकामार्फत फायबर ब्रॉडबँडबरोबर लँडलाइन देऊ करत आहे आणि दोन्हींचे मिळून भाडे आजच्या बिलापेक्षा बरेच कमी आहे. मात्र शेजाऱ्यांचे म्हणणे असे, की स्वस्त कंपन्या आवाज दाबून पाठवतात, त्यामुळे शब्द तुटतात. आईला श्रवणयंत्र लागते, मोबाइलवरचे बोलणे तिला नीट उमगत नाही आणि माझी बहीण म्युनिकहून रोज संध्याकाळी याच फोनवर तिच्याशी बोलते. त्यामुळे पैसे वाचले पण बोलणे गेले, असे होऊ द्यायचे नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

एक्सचेंजवाला:
भाडे कमी आहे म्हणजे आवाज निकृष्ट असणार, असा थेट संबंध नाही. एका कंपनीचा कॉल दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यात पोहोचवण्यासाठी पूर्वी प्रत्येक मिनिटामागे शुल्क द्यावे लागे. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने लँडलाइनच्या बाबतीत ते २०१५ साली आणि मोबाइलच्या बाबतीत जानेवारी २०२१ पासून शून्यावर आणले. शिवाय तांब्याच्या तारा, जोड आणि खांबावरचे डबे सांभाळण्याचा खर्च फायबरमध्ये पुष्कळ वाचतो. स्वस्ताई मुख्यतः येथून येते.

आवाजापुरते बोलायचे तर जुन्या लँडलाइनचा आवाज एक्सचेंजमध्ये सेकंदाला ६४ किलोबिट या वेगाने अंकीय रूपात बदलला जातो आणि फायबरवरच्या फोनमध्येही बहुधा हीच पद्धत, म्हणजे जी.७११, वापरली जाते. आवाजाच्या तुकड्यांवर पत्ता वगैरेंचे जे वेष्टन चढते, ते धरूनही ती एका दिशेला सेकंदाला शंभर किलोबिटही घेत नाही. त्यामुळे ३० मेगाबिटच्या साध्या जोडणीतही तिला भरपूर जागा आहे. जी.७२९ ही सेकंदाला ८ किलोबिटची पद्धत आवाज खरोखरच दाबते, पण ती घरापाशी क्वचित आणि परदेशी कॉल वाहून आणणाऱ्या मधल्या कंपन्यांकडे अधिक आढळते. आपल्या बहिणीच्या कॉलवर शब्द पुसट वाटू लागले, तर सांगलीतल्या कंपनीला दोष देण्याआधी सांगलीतल्याच एखाद्या नंबरवरून फोन करून तुलना करावी.

खरा फरक पडतो तो फोन कुठे जोडला जातो यामुळे. फायबरचा जो डबा घरात बसतो, त्यावर टेलिफोनच्या तारेसाठी एक लहान सॉकेट असते. आईचा फोन त्यातच जोडला जाईल आणि बोलण्यासाठी कंपनी इंटरनेटपासून वेगळी वाट राखून ठेवते, याची खात्री करून घ्यावी. वेगळी वाट असली की घरात कोणी मोठा व्हिडिओ वर चढवत असले, तरी बोलणे अडत नाही. याउलट मोबाइलमधल्या ॲपवरून किंवा वाय-फायवरून ‘लँडलाइन’ देण्याचा प्रस्ताव असेल, तर आपल्या आईंसाठी तो मी मुळीच सुचवणार नाही, कारण वाय-फायवर आवाजाचे तुकडे मागेपुढे पोहोचतात आणि उशिरा आलेले तुकडे टाकून दिले जातात. शब्द तुटतात ते यामुळे.

विश्रामबागकर:
आवाजाइतकाच विजेचाही विचार करावा, ही कळकळीची विनंती. तांब्याच्या लाइनला एक्सचेंजमधल्या बॅटऱ्यांतून ४८ व्होल्टचा पुरवठा मिळतो, म्हणून घरची वीज गेली तरी तो फोन चालतो. फायबरचा डबा घरच्या विजेवर चालतो. वीज गेली की फोन बंद, आणि ११२ ला फोन करण्याची वेळ नेमकी तेव्हाच येऊ शकते. घरात इन्व्हर्टर नसेल, तर डब्यासाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, तो पहिल्याच दिवशी लावून घ्यावा. केबलचालकाने इमारतीत किंवा गल्लीत स्विच, म्हणजे घरोघरच्या जोडण्या एकत्र आणणारा, विजेवर चालणारा डबा बसवला असेल, तर त्यालाही बॅटरी आहे का, हे अवश्य विचारावे, कारण ती नसेल तर घरच्या यूपीएसचा काहीच उपयोग होत नाही.

जुना ग्राहक:
लँडलाइनचा नंबर मोबाइलप्रमाणे एका कंपनीकडून दुसरीकडे नेता येत नाही, त्यामुळे आईंचा नंबर बदलेल. जुनी जोडणी लगेच परत करू नये. दोन्ही काही काळ सोबत ठेवून बँक, गॅस, डॉक्टर आणि नातेवाईक यांना नवा नंबर कळवावा, आणि शक्यतो एखादा जोराचा पाऊस होऊन जाऊ द्यावा. चकती फिरवायचा जुना फोन असेल, तर फायबरच्या डब्याला त्याचे आकडे बहुधा समजत नाहीत. बटणांचा, आवाज वाढवण्याची सोय असलेला फोन घ्यावा.

कृष्णाकाठ:
सर्वांचे मनापासून आभार. केबलचालकाशी बोललो, फोन डब्यावरच्या सॉकेटमध्येच जोडणार आहेत. एक शंका उरली आहे. त्यांच्याच एका ग्राहकाकडून आईला फोन लावून पाहिला, तेव्हा त्या गृहस्थांना स्वतःचाच आवाज उलटून ऐकू येत होता. हा नव्या जोडणीचा दोष समजावा का?

एक्सचेंजवाला:
ज्याला प्रतिध्वनी ऐकू येतो, त्याच्या टोकाला सहसा दोष नसतो. तो समोरच्या टोकाला निर्माण होतो. येथे समोर आईंची जुनी लाइन आणि जुना फोन होता, तेव्हा संशय प्रथम त्यांवर घ्यावा. असा प्रतिध्वनी तांब्याच्या लाइनवरही असतो, पण उशीर नगण्य असल्यामुळे जाणवत नाही. फायबरवरच्या फोनमध्ये आवाजाच्या तुकड्यांची पाकिटे बांधण्यात थोडा वेळ जातो आणि त्यामुळे हा प्रतिध्वनी उघडा पडतो. एकेरी उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. नवी जोडणी बसली की केबलचालकाचा माणूस घरात असतानाच बहिणीला म्युनिकहून फोन करायला सांगावे, आणि तिला स्वतःचा आवाज परत ऐकू आला, तर आईंचा फोन बदलून तिथल्या तिथे पुन्हा पाहावे. घरातली जुनी वायरिंग नव्या डब्याला जोडायची असेल, तर बाहेरून येणारी तांब्याची तार आधी सोडवून ठेवावी.