ली-एनफील्ड दहा गोळ्यांची, माउझर पाचची : गेममध्ये तोल साधायचा कसा?

रिकामं_काडतूस

आम्ही तिघं मित्र रविवारी बसून एक छोटा गेम बनवतोय. आठ विरुद्ध आठ, एकच नकाशा : इटली, तायबर नदीचं वरचं खोरं, जुलै १९४४. एका बाजूला पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान, समोर जर्मन. हीच जागा का, ते माणगावकडच्या माणसाला सांगायला नको. तिथल्या लढाईत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे नाईक यशवंत घाडगे आमच्याच भागातले. माणगावातला त्यांचा पुतळा लहानपणापासून बघतोय.

अडलंय ते रायफलींवर. मराठ्यांकडे ली-एनफील्ड, .३०३, मॅगझिनमध्ये दहा गोळ्या. जर्मनांकडे माउझरची कार ९८के, ७.९२ मिमी, पाच गोळ्या. दोन्हींचा बोल्ट (काडतूस आत ढकलणारा दांडा) हाताने ओढायचा, दोन्हींची एक गोळी छातीत बसली की माणूस खाली. खरं तसंच ठेवायचं, असं सुरुवातीला ठरलं होतं. पण गेल्या रविवारी दहा डाव खेळलो, त्यातले आठ ली-एनफील्डवाल्यांनी नेले. माणसं इकडची तिकडे केली तरी तेच. आता जर्मन व्हायला कोणी तयार नाही, नाणं उडवावं लागतं.

मग एका मित्राने ली-एनफील्डचं डॅमेज (एका गोळीने होणारी इजा; १०० म्हणजे माणूस खाली) १०० वरून ८० वर आणलं. डाव बरोबरीत यायला लागले. पण मला ते बघवत नाही. बॅटलफील्ड १ या पहिल्या महायुद्धावरच्या गेमवर हाच राग आहे माझा. त्यातल्या फाओच्या किल्ल्याच्या नकाशावर वीस मीटरवरून एकाच्या छातीत ली-एनफील्डची गोळी घातली. तो अंगावरची माशी झटकावी तसा हलला आणि शॉटगनने मलाच आडवा केलं. तीच रायफल पन्नास मीटरवर एका गोळीत काम करते. म्हणजे गोळी लांब गेली की जास्त जोरात लागते? हे कुठलं शास्त्र?

गोळीला खोटं न पाडता तोल कसा साधता येईल? आणि खरी थ्री नॉट थ्री (हीच .३०३ ची ली-एनफील्ड) कोणी चालवली असेल तर प्लीज लिहा. माझा अनुभव एनसीसीतल्या .२२ च्या पाच गोळ्यांपुरता, त्यातल्या दोन शेजाऱ्याच्या टार्गेटवर.

बंकर_भाऊ

वीस मीटरवाल्या प्रकाराला स्वीट स्पॉट म्हणतात. त्या गेममध्ये प्रत्येक बोल्टवाल्या रायफलीला एक अंतर वाटून दिलंय. त्या पट्ट्यात छातीची गोळी जीव घेते, अलीकडे-पलीकडे माणूस थोडक्यात वाचतो. ली-एनफील्डला ४० ते ७५ मीटर, जर्मन गेवेर ९८ ला ८० ते १२५. जवळची जागा शॉटगन आणि सबमशीनगनवाल्यांसाठी राखायची, म्हणून हे आरक्षण. शास्त्र शून्य, पण खेळायला सोय होते. नाहीतर सगळेच रायफल घेऊन फिरले असते.

त्या गेमकडून वास्तवाची अपेक्षा करूच नका. तिथे गल्लोगल्ली दिसणारी हेलरीगल १९१५ ही प्रत्यक्षात एक प्रायोगिक बंदूक होती, तिची माहिती मोजक्या जुन्या फोटोंवरूनच मिळते. तिथे मात्र दर तिसऱ्या माणसाच्या हातात.

अवांतर : खऱ्या फाओला ६ नोव्हेंबर १९१४ ला उतरली ती सहाव्या पुणे डिव्हिजनची सोळावी ब्रिगेड. तिच्यात ११७ वी मराठा पलटण होती. तुम्ही गेममध्ये आडवे झालात, त्या फाओला खरोखर आपली माणसं उतरली होती.

सावरी

एवढा विचार? गेम आहे, मजा येते का ते बघा. कॅंडी क्रशमध्ये कोणी साखर खरी आहे का विचारत नाही.

हवालदार_निवृत्त

नातवाने हे वाचून दाखवलं. मी सावकाश टाइप करतो, चुकभूल द्यावीघ्यावी.

पोलिसात असताना वीस वर्षं थ्री नॉट थ्री खांद्यावर होती. माझ्या रायफलीवर मुकुटाची खूण, खाली इशापूर आणि १९४२ साल. म्हणजे मी जन्मायच्या आधीची. बंदोबस्तात ती बहुतेक वेळा टेकायलाच वापरली, पण वर्षातून एकदा चांदमारीला जावंच लागायचं.

नातवाने तुमच्यासारखा एक गेम लावून दाखवला. त्यात शिपाई गोळी झाडतो, रायफल छातीपर्यंत खाली घेतो, बोल्ट ओढतो, परत वर नेतो. आमच्या उस्तादाने बघितलं असतं तर त्याला मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या असत्या. थ्री नॉट थ्रीचा बोल्ट थोडाच उचलावा लागतो आणि थोडाच मागे येतो. गाल दस्त्यावरून हलत नाही, नजर माशीवरून (नळीच्या टोकावरच्या नेमाच्या खुणेवरून) हटत नाही. मागे ओढताना हलका, पुढे ढकलताना शेवटच्या दोन बोटांच्या अंतरावर स्प्रिंग अडते, तिथे तळव्याने दाबायचं. आमचे उस्ताद बोल्टाची मूठ अंगठा आणि पहिल्या बोटात धरूनच ठेवायचे आणि घोडा मधल्या बोटाने ओढायचे. बघणाऱ्याला वाटावं हात शिवणकामाच्या मशीनवर आहे. इंग्रजांच्या जुन्या फौजेत ३०० यार्डांवर मिनिटाला पंधरा नेम धरून, असा नियम होता म्हणतात. उस्ताद तेवढे मारायचे. माझ्या नऊच्या वर कधी गेल्या नाहीत.

तेव्हा तुमचा प्रश्न बरोबर आहे. तिचं मोठेपण गोळीत नाही, हातात आहे. ८० करून तुम्ही चुकीचा कान पिळताय.

पण तिची खोडही सांगतो, ती कोणी दाखवत नाही. दहा गोळ्या एकदम भरता येत नाहीत. पाच-पाचच्या दोन चार्जर क्लिपा. एक बसवा, अंगठ्याने दाबा, क्लिप बाजूला, मग दुसरी. आणि .३०३ च्या काडतुसाला बुडाशी कड असते. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या पुढे बसली पाहिजे. मागे बसली की वरचं खालच्यात अडकतं आणि बोल्ट अर्ध्यावर थांबतो. मी नवीन असताना एकदा सुट्टी काडतुसं घाईत कोंबली. तिसरीलाच बोल्ट अडला. मी दात खाऊन ढकलतोय, शेजारचे सगळे झाडून मोकळे. उस्ताद शांतपणे आले, मॅगझिन काढलं, काडतुसं माझ्या हातावर ओतली आणि म्हणाले, "ये चना नहीं है." हसले नाहीत, ते जास्त लागलं.

तर रायफल रिकामी झाली की दोन क्लिपांचा पूर्ण वेळ घ्या. एक भरून झाली आणि शत्रू आला तर पाचवर लढू द्या. घाईत सुटी काडतुसं भरणाऱ्याची कधीतरी अडकू द्या. आपोआप वठणीवर येतील.

नेकारकाठ

हवालदार काका, शेवटच्या दोन बोटांवर स्प्रिंग अडते हे अगदी बरोबर. मी श्टुटगार्टजवळ राहते. इथल्या नेमबाजीच्या क्लबांत जुन्या लष्करी रायफलींचा वेगळा प्रकार असतो, १०० मीटरवर. आमच्या क्लबात कार ९८के आहे आणि एका सभासदाची स्वतःची ली-एनफील्ड. दोन्ही चालवल्यात.

कार ९८के चा बोल्ट काटकोनात पूर्ण उचलावा लागतो आणि स्प्रिंग त्या उचलण्यातच ताणली जाते. म्हणजे जोर सुरुवातीलाच. मनगट बारीक असेल तर गाल उचलतोच, माझा दर वेळी उचलतो. बोल्ट मागेही लांब येतो. चष्मेवाल्यांनी जपून.

पण भरायला ती सुंदर आहे. काडतुसाला बाहेर आलेली कड नाही, त्यामुळे पाची गोळ्या एका दाबात खाली जातात आणि बोल्ट पुढे ढकलला की रिकामी क्लिप आपोआप उडून पडते. थांबून बघायचं काही नाही. तेव्हा @रिकामं_काडतूस, तुमच्या गेममध्ये दोघींना भरायला सारखाच वेळ दिलाय का? माझी शंका आहे, दिलाय. तसं असेल तर माउझरचा एकमेव सोपा गुण तुम्ही काढून घेतलाय आणि ली-एनफील्डला फुकटच्या पाच गोळ्या दिल्यात.

आणि कृपा करून माउझरला "जास्त अचूक" करून तोल साधू नका, तो मोह सगळ्यांना होतो. तुमच्या नकाशातल्या शेतघरांच्या अंतरावर दोघीही चालवणाऱ्यापेक्षा अचूक आहेत. माझ्या कागदावरची भोकं बघून मी हे खात्रीने सांगू शकते.

क्लबातल्या एका आजोबांना मी सांगितलं की इटलीत मराठी पलटणी लढल्या. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, माझे काका तिथेच होते. पुढे आम्ही दोघांनीही काही विचारलं नाही.

बंकर_भाऊ

एक विचारायचं राहिलं. तुमच्या जर्मनांकडे मशीनगन आहे का?

रिकामं_काडतूस

नाही. म्हणजे होती. एमजी ४२ टाकली होती, पण ती मिनिटाला १२०० गोळ्या ओकते, समोरचे रडायला लागले. म्हणून काढली. मग बरोबरी म्हणून मराठ्यांची हलकी मशीनगन, ब्रेन, तीही काढली.

बंकर_भाऊ

घ्या! आजार तिथे आहे आणि तुम्ही रायफलीला गोळ्या देताय.

जर्मन तुकडी मशीनगनच्या भोवती बांधलेली असायची. कार ९८के वाला शिपाई प्रामुख्याने एमजीचे पट्टे वाहायला, तिच्या बाजू राखायला. त्याच्या हातात पाच गोळ्यांची रायफल चालून जायची, कारण मारायचं मुख्य काम त्याचं नव्हतंच. आपल्याकडे सेक्शनला एक ब्रेन, तीस गोळ्यांचं मॅगझिन, आणि तीही मॅगझिनं रायफलवाल्यांच्या पाऊचमध्ये. पण ब्रेन म्हणजे पट्ट्यावर चालणारी एमजी नव्हे. ती कसर दहा गोळ्यांच्या वेगवान रायफली भरून काढायच्या. तोल लढाईतही होता, फक्त तो दोन तुकड्यांमधला. तुम्ही दोन्ही तुकड्यांचा कणा काढलात आणि बोटांची लांबी मोजत बसलात.

हेल लेट लूज या गेममध्ये हेच केलंय. छातीत रायफलीची एक गोळी, खेळ खलास, कोणाचीही असो. अमेरिकन शिपायाकडे आठ गोळ्यांची गॅरंड, बोल्ट ओढायची गरजच नाही. समोर कार ९८के. रायफलीला रायफल लावून बघितलं तर उघड अन्याय. पण मशीनगनवाला स्क्वॉडला एकच मिळतो, तो कुठे बसलाय यावर निम्मा डाव ठरतो. माउझरवाल्यांची तक्रार असते, नाही असं नाही, पण नाणं उडवावं लागत नाही.

एमजी परत आणा. एकालाच द्या. पट्टे इतरांना वाहायला लावा, आणि ती घेऊन धावताना नेम अशक्य करा.

रिकामं_काडतूस

दोन रविवार गेले, म्हणून उशीर.

डॅमेज परत १००, दोन्हींचं. @नेकारकाठ, तुमची शंका खरी निघाली : दोघींना भरायला सरसकट तीन सेकंद दिले होते. आता माउझरला तेवढेच, ली-एनफील्डला क्लिपेमागे तीन, आणि पहिल्या क्लिपेनंतर थांबता येतं. हवालदार काकांचा बोल्टही घातला. नजर माशीवरच राहते. त्याचं अ‍ॅनिमेशन करणाऱ्या मित्राने काकांच्या नावाने बोटं मोडली, पण आता तोच सगळ्यांना ते दाखवत फिरतो. माउझरचा शिपाई बोल्ट उचलताना गाल किंचित हलवतो आणि नेम परत धरायला क्षणभर जातो. काडतूस अडकायचं मात्र काढलं. लोकांना तो गेमचा बग वाटायचा.

एमजी आणि ब्रेन परत आल्या. काल दहा डाव झाले : सहा-चार, मराठे सहा. नाणं नाही उडवलं. आता भांडण वेगळंच आहे. जर्मन बाजूला सगळ्यांना एमजी हवी, पट्टे वाहायला कोणी नाही.

एक गोष्ट विचारायची आहे. घाडग्यांच्या सेक्शनवर जवळून मशीनगनचा मारा झाला, ते एकटेच शाबूत राहिले. ग्रेनेड टाकून ती गन बंद पाडली, टॉमी गनने (हातातल्या सबमशीनगनने) एकाला मारलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून टॉमी गन नळीकडून धरून उरलेल्या दोघांना झोडून मारलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते पडले. हे व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानपत्रातच आहे. आम्ही सेक्शन कमांडरला टॉमी गन दिलीय, मॅगझिन बदलायला तीन सेकंद. दोन जर्मन समोर असताना मी वीस वेळा मॅगझिन बदलून पाहिलं, वीसही वेळा मेलो. मग एक बटण ठेवलं : गन उलटी धरून मारायचं. ते चालतं. पण मित्र म्हणतो हे खोटं वाटतं, एवढ्या गोळ्या झाडल्यावर नळी तापलेली असणार, हातात धरता कशी येईल? त्याचं म्हणणं, धरताना थोडी हेल्थ कमी करावी. काका, येते का धरता?

हवालदार_निवृत्त

येते. एकदा लागोपाठ झाडून झाल्यावर रायफल घसरून चिखलात चालली होती, मी नळीलाच धरली. त्या वेळी काही वाटलं नाही. रात्री मेसमध्ये भाकरी मोडताना कळलं. हेल्थ कमी करू नका.