व्याख्यानानंतरची प्रश्नोत्तरं कशी घ्यावीत? की सरळ मुलाखतच ठेवावी?

चौकस:
आम्ही काही जण मिळून दर महिन्याला एक व्याख्यान ठेवतो, कधी विज्ञान, कधी एखादा सामाजिक प्रश्न, कधी नाटक-संगीत. वक्ते चांगले मिळतात, लोकही तासभर मन लावून ऐकतात. पण "कुणाला काही विचारायचंय का" म्हटलं की सगळं विस्कटतं. एकतर कुणीच हात वर करत नाही, नाहीतर कुणीतरी माईक घेऊन "प्रश्न नाही, दोन शब्द बोलतो" म्हणत स्वतःचंच भाषण सुरू करतं आणि वेळ संपतो. मग तेच गप्प बसलेले लोक जाताना दारात वक्त्याला गाठून इतकं नेमकं विचारतात की वाटतं हे सगळ्यांनी ऐकायला हवं होतं. काही जण म्हणतात व्याख्यान बंद करा, मुलाखती ठेवा. तुमचा अनुभव काय? जे लोक कधीच बोलत नाहीत त्यांना बोलतं कसं करायचं?

मागचा_बाक:
चिठ्ठ्या! आत येतानाच प्रत्येकाला कोरा कागद आणि पेन्सिल द्या आणि व्याख्यान संपलं की लगेच प्रश्नोत्तरं सुरू करू नका, पाच मिनिटं मोकळी सोडा, लोकांना शेजारच्याशी बोलू द्या. प्रश्न डोक्यात असतो पण तो बरोबर आहे का, बावळट तर वाटणार नाही ना, याचीच भीती असते, शेजारी म्हणाला "अरे मलाही हेच कळलं नाही" की हात आपोआप वर जातो. चिठ्ठ्या सूत्रधाराने वाचायच्या, नावाशिवाय. लांबलचक मत मांडणाऱ्यांना चिठ्ठीवर जागाच उरत नाही, त्यामुळे कुणाला मधेच तोडायची वेळही येत नाही.

अनुराधा_वाचते:
पहिला प्रश्न कुणाला द्यायचा हे आधी ठरवा, याने खरंच फरक पडतो. २०१८ साली एक अभ्यास आला होता, वेगवेगळ्या देशांतल्या विद्यापीठांमधले सेमिनार बघून केलेला. त्यात दिसलं की श्रोत्यांमधले पुरुष बायकांपेक्षा अडीच पटीहून जास्त वेळा प्रश्न विचारतात, आणि पहिला प्रश्न पुरुषाचा असेल तर पुढे बायकांचे प्रश्न आणखी कमी होतात. प्रश्नांना जास्त वेळ ठेवला तर ही दरी थोडी कमी होते असंही त्यात होतं. म्हणून सूत्रधाराने सगळ्यात आधी वर गेलेला हात घेऊ नये, थोडं थांबावं, मागे बघावं. आणि कृपया प्रश्नोत्तरांचा वेळ कापू नका!! वक्ता लांबला की आयोजक पहिली कात्री तिथेच लावतात, मला याचा फार राग येतो, कारण ऐकणाऱ्याच्या हातात असलेला तेवढाच वेळ असतो.

प्रयोगवेडा:
मुलाखतीच्या मागे लागून व्याख्यान बंद करू नका हो दादा. विज्ञानाचं व्याख्यान नीट तयार केलेलं असलं ना तर त्याला तोड नाही. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशन या विज्ञानसंस्थेत १८१२ साली रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीची व्याख्यानं ऐकायला बुकबाइंडिंग शिकणारा एक मुलगा जायचा, त्याने सगळं लिहून घेतलं, स्वतःच्या हाताने बांधून ती वही डेव्हीला पाठवली आणि १८१३ मध्ये त्याला तिथेच सहाय्यकाची नोकरी लागली. हाच पुढे वीज आणि चुंबकत्वावरच्या शोधांसाठी गाजलेला शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे. पुढे त्याने तिथेच मुलांसाठीच्या नाताळच्या व्याख्यानांच्या १९ माला दिल्या, एका मेणबत्तीवरून आख्खं रसायनशास्त्र समजावलं. आणि बोलताना घाई होऊ नये म्हणून समोर "सावकाश" असं लिहिलेलं कार्ड ठेवायचा! इतका मोठा माणूस. आपल्या वक्त्यांनाही आधी भेटून सांगा की समोर कोण बसणार आहे, एक तरी वस्तू किंवा प्रयोग हातात घेऊन या, नुसत्या स्लाइड वाचू नका. डोळ्यांसमोर काहीतरी घडलं की "हे असं का झालं" हा प्रश्न ओढून काढावा लागत नाही, तो येतोच.

संवादिनी:
प्रयोगवेडा, विज्ञानापुरतं पटलं. पण सामाजिक विषयाचं काय? तिथे वक्ता एकटा बोलला की एकच बाजू येते आणि श्रोत्यांमध्ये ज्यांच्यावर ती गोष्ट खरंच गुदरलेली असते ते खाली बसून ऐकत राहतात. अशा वेळी संवादच हवा. फक्त मुलाखत घेणाऱ्याची तयारी हवी, नाहीतर तो कागदावरचे प्रश्न क्रमाने वाचतो, उत्तरात काहीतरी जबरदस्त निघालेलं असतं आणि हा पुढच्या प्रश्नावर गेलेला असतो. चांगला मुलाखतकार उत्तर ऐकून पुढचा प्रश्न बनवतो, "म्हणजे नेमकं काय झालं?" एवढंच विचारतो आणि गप्प बसतो. ते गप्प बसणंच शिकवायला लागतं.

मागचा_बाक:
+१. वाद होणारा विषय असेल तर दोघा वक्त्यांना आधी एकमेकांची बाजू समोरच्याला मान्य होईल अशा शब्दांत मांडायला सांगा, मग स्वतःची. आवाज निम्मा खाली येतो.

चौकस:
चिठ्ठ्या आणि मधली पाच मिनिटं पुढच्याच कार्यक्रमात करून बघतो. पुढचा विषय भूजल आहे, त्यामुळे वाळू-मातीचे थर भरलेली काचेची टाकी आणता येईल का ते वक्त्यांना विचारतो. एकच अडचण, बरेच वक्ते म्हणतात मला पूर्ण तास द्या, प्रश्नांना दहा मिनिटं पुरे. त्यांना काय सांगायचं?

अनुराधा_वाचते:
निमंत्रणातच लिहा, ४० मिनिटं बोलणं, ३० मिनिटं प्रश्न. आधी कळवलं की बहुतेक वक्ते तशीच तयारी करून येतात, आयत्या वेळी सांगितलं तर त्यांनाही काय गाळायचं ते सुचत नाही. आणि वेळेअभावी उरलेल्या चिठ्ठ्या फेकू नका, वक्त्याला द्या, उत्तरं लिहून मागवा आणि पुढच्या महिन्यात आलेल्यांना वाचून दाखवा.