ऐन धावपळीत दारात पाहुणे : तुमच्याकडे काय झालं?

पाचपाखाडी

गणपतीपासून दिवाळीपर्यंत आमच्या घराला घर म्हणायची सोय नसते. हॉलमध्ये पोती, गॅलरीत खोकी, फ्रीजवर पाळ्यांची यादी. ठाणे-नवी मुंबईत संस्थेच्या कामाला जुंपून घेतलेल्या बहुतेकांची हीच गत असावी. काहींचा हंगाम जूनमध्ये वह्यावाटपाचा, काहींचा मे महिन्यात रक्तदानाचा. आणि नेमकं तेव्हाच गावाकडून कुणीतरी "म्हटलं सरप्राइज द्यावं" म्हणत बॅगेसकट दारात उभं राहतं. परवा आमच्या गटावर एकीने "सासूबाई अचानक आल्यात, उद्या माझ्या जागी कुणीतरी बघा" एवढंच लिहिलं, तर त्याखाली मध्यरात्रीपर्यंत लोकांचे किस्से चालू होते. म्हणून इथेही विचारते. मोकळेपणाने लिहा.

संस्थेचं नाव नको, माणसांची नावं नकोत, देणगीचं आवाहन नको. 'अतिथी देवो भव' छापाचं तर काहीच नको, ते कॅलेंडरवर असतं.

घोडबंदरवासी

पाच दिवसांच्या विसर्जनाची संध्याकाळ. आम्ही कृत्रिम तलावाशी निर्माल्य निवडायला बसलो होतो. ज्यांनी हे केलेलं नाही त्यांना वाटतं, फुलंच तर गोळा करायची. पण कलशात पडतं ते सगळं फूल नसतं. हारात नायलॉनचा दोरा, त्यात प्लास्टिकची जर, शिवाय कापराच्या पुड्या, उदबत्तीची खोकी, सुपाऱ्या, कुणाच्या तरी जुन्या देवाची काच फुटलेली तसबीर. थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, तरी तुकडे येतातच. खत करायचं तर हे सगळं हातानेच बाजूला काढावं लागतं.

तेवढ्यात बायकोचा फोन. तिचे आईबाबा आलेत, मिरजेहून. त्यांचा गणपती दीड दिवसाचा, त्यामुळे मोकळे. घराची किल्ली माझ्या खिशात, म्हणून ती दोघांना घेऊन थेट तलावावरच आली. मी ओशाळून "बसा, पाच मिनिटांत निघू" म्हणतोय, तोवर सासूबाईंनी पदर खोचला होता. आम्ही प्रत्येक हार कात्रीने कापत होतो. त्यांनी एक हार हातात घेऊन गोंड्यापाशी गाठ शोधली, ती दातांनी सैल केली (मी नको नको म्हणेपर्यंत), दोऱ्याचं टोक धरून सर्रकन ओढला. झेंडू घमेल्यात, दोरा हातात. लग्नाआधी माहेरी त्यांच्याकडे हारांचं दुकान होतं हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. नंतर आमची सगळी पोरं कात्र्या टाकून त्यांच्याभोवती.

सासऱ्यांचं मात्र जमलं नाही. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. कलशापाशी उभे राहून प्रत्येकाला "प्लास्टिक का आणलंत?" विचारायला लागले. एका मंडळाच्या पोरांशी खटका उडाल्यावर त्यांना सन्मानाने नारळ मोजायला बसवलं.

कळवा नाका

नारळ मोजायला! 😄 आमच्याकडे अशांना टोकन वाटायला देतात. मान राहतो, भांडण होत नाही.

नेरूळ पूर्व

आमचा हंगाम मे महिना. कॉलेजं बंद, निम्मं शहर गावाला, त्यामुळे नेहमीचे रक्तदाते मिळत नाहीत आणि रक्तपेढ्यांत चणचण होते. रक्त साठवून तरी किती ठेवणार? लाल पेशी फार तर ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स तर जेमतेम पाच दिवस. म्हणून सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही दरवर्षी शिबिर घेतो.

आदल्या रात्री मामा-मामी आले. तासगावचे, द्राक्षबागायतदार. हातात बेदाण्याची पिशवी. घरात झोपायला जागा नाही, गाद्या शिबिरासाठी खाली गेलेल्या. मामांनी चटईवर अंग टाकलं आणि जाहीर केलं, "उद्या पहिली बाटली माझी."

सकाळी वजन, रक्तदाब वगैरे झाल्यावर तपासनीस मुलीने बोटाला सुई टोचली आणि थेंब निळ्या पाण्यात सोडला. हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर असेल तर थेंब झटकन तळाला जातो. मामांचा थेंब मध्येच घुटमळला आणि वर आला. ती म्हणाली, "काका, तुम्हाला आज नाही देता येणार." मामा ऐकेनात. म्हणे पाण्यातच काहीतरी खोट आहे. मी समजावलं, मामा, हे मोरचुदाचं पाणी आहे, ठरावीक घनतेचं. झालं! "मोरचूद तू मला शिकवतोस होय रे? जन्म गेला माझा बागेवर मोरचूद-चुना मारण्यात." मग रांगेतल्या आयटीवाल्यांना बोर्डो मिश्रण कसं करतात, मोरचुदाच्या पाण्यात लोखंडी खिळा बुडवून का बघतात, याचं व्याख्यान. रांग कधी पुढे सरकली कुणाला कळलं नाही, हा फायदाच.

आणि मागे उभ्या मामींचा थेंब दगडासारखा खाली गेला. त्यांनी ३५० मिली रक्त दिलं, बिस्किटं खाल्ली, कॉफी आवडली नाही असं स्पष्ट सांगितलं. दुपारी मामा प्रत्येकाला "आमच्या हिनं दिलं" म्हणून सांगत होते.

सातपूर

मी पाहुण्यांच्या बाजूने लिहिते, कुणी तरी लिहायला हवं.

मुलगा-सून घणसोलीला. वसुबारसेच्या आदल्या दिवशी नाशिकहून निघाले, ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बरची गाडी पकडली. न कळवता, हौसेने. दाराला कुलूप. शेजारच्या बाईंनी किल्ली दिली. आत पाऊल ठेवायला जागा नव्हती. फराळाची खोकी छताला टेकलेली, प्रत्येकावर चिठ्ठी: 'पाड्यावरच्या वाटपासाठी. हात लावू नये.' स्वयंपाकघरात दूध नाही, भाजी नाही. मी माझ्याच डब्यातली चकली खाल्ली आणि खोक्यांच्या भिंतीकडे बघत बसले.

रात्री अकराला दोघं आली. पाया पडली, आणि मुलाचा पहिला प्रश्न, "आई, किती दिवस आहेस?" तो दमला होता, मान्य. त्याचं काम चांगलं आहे, तेही मान्य. पण हा प्रश्न कसा विचारतात याची एक रीत असते. पाणी देऊन, बसून, दुसऱ्या दिवशी.

आणखी एक. दुसऱ्या दिवशी एक पाकीट फुटलं होतं त्यातला चिवडा मी चाखून पाहिला. जाड पोहे, तेलाला वास. मी मुलाला म्हटलं, आपण आपल्या घरी हा खाऊ का? तो म्हणाला, "आई, हजारो पाकिटं करायची असतात." असतील. पण पाड्यावरच्या बाईला वास कळत नाही असं का धरून चालायचं? तिच्या घरी नवा तांदूळ नुकता आलेला असतो, तिला चवीचं तुमच्याहून जास्त कळतं.

पुढच्या वर्षीही कळवून जाणार नाही. कळवलं की दूध आणून ठेवतील आणि मला काहीच बघायला मिळणार नाही.

पाचपाखाडी

सातपूरच्या काकू, चिवड्याचं अगदी पटलं. आम्ही याच कारणाने चिवडा बंदच केला. चकलीही मऊ पडते. आता बेसनाचे लाडू आणि शंकरपाळी, घराघरांत वाटून दिलेली, आणि तेल कुठलं ते आधी ठरलेलं.

कळवा नाका

"किती दिवस आहेस" आमच्याकडे पण विचारतात, फक्त "परतीचं रिझर्वेशन मिळालं का गं?" असं.

कोपरखैरणे

माझा अनुभव गमतीचा नाही, पण इथेच लिहिते.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. दोन दिवसांत आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये मदत गोळा करायला सुरुवात झाली. तेव्हा लोकल सगळ्यांना खुली नव्हती, त्यामुळे लांबचे कार्यकर्ते येऊ शकत नव्हते, आजूबाजूच्या सेक्टरमधलेच लोक. तुर्भ्याचं मार्केट जवळ, म्हणून तांदूळ, डाळ, बिस्किटं लगेच मिळाली. आणि कपडे. कपड्यांचा तर डोंगर. न मागता आलेला.

आमचे चुलत दीर चिपळूणचेच. फोन लागत नव्हता. एका संध्याकाळी पाणी पोचवून रिकामा परतलेला टेम्पो पार्किंगमध्ये शिरला आणि मागून दीर, जाऊबाई, दोन मुलं आणि म्हाताऱ्या सासूबाई उतरल्या. आम्ही ज्यांच्यासाठी पाकिटं बांधत होतो तेच समोर. मला काही सुचेना. सासूबाईंनी छातीशी एक प्लास्टिकची पिशवी धरली होती, ती कुणाला देईनात. आंघोळ झाल्यावर त्यांनीच उघडली. देवघरातले टाक, आणि भिजून एकमेकांना चिकटलेलं रेशनकार्ड, घराची कागदपत्रं. रात्रभर आम्ही ती एकेक पान सोडवून वर्तमानपत्रावर पसरत होतो, पंखा एकवर, नाहीतर उडतील म्हणून. गाळाचा वास बरेच दिवस त्या खोलीतून गेला नाही.

सकाळी जाऊबाई खाली पार्किंगमध्ये आल्या. कपड्यांच्या ढिगातून त्यांनी एक टिकल्यांचा घागरा ओढून काढला आणि मला विचारलं, "वहिनी, हे नेसून चिखल उपसू?" आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होत्या.

मग एका उलट्या क्रेटवर बसून त्यांनी यादी सांगितली आणि माझ्या मुलाने लिहून घेतली. खराटे, फावडी, घमेली, गमबूट, रबरी हातमोजे, फिनेल, ब्लीचिंग पावडर, टॉर्च, मेणबत्त्या, काडेपेट्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून, डासांची अगरबत्ती, सॅनिटरी पॅड, नवीन अंतर्वस्त्रं. तांदूळ नंतर. शेगडीच वाहून गेली, शिजवणार कशावर? सध्या चुरमुरे, फरसाण, पातळ पोहे. आणि गाळ ओला आहे तोवरच निघतो. एकदा वाळला की फरशीवर सिमेंट बसल्यासारखा बसतो, मग फावडं लागत नाही. म्हणजे हत्यारं आधी, धान्य मागून. हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, कारण आमच्यापैकी कुणी घरातला गाळ काढलाच नव्हता.

आमच्यातल्या एका ज्येष्ठांना हे रुचलं नाही. देणाऱ्याला नाही कसं म्हणायचं, वगैरे. जाऊबाई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीचा टेम्पो त्यांच्या यादीने भरला आणि दीर त्याच टेम्पोने परत गेले, गाळ काढायला. त्या आणि मुलं आमच्याकडे राहिली. दुपारी त्या पार्किंगमध्ये खोकी भरायच्या आणि प्रत्येक खोक्यावर आत काय आहे ते मोठ्या अक्षरात लिहायच्या, कारण तिकडे उघडून बघायला कोरडी जागा नाही. गणपतीला सगळे गावी गेले. घराला रंग नव्हता, दारं नव्हती, गणपती आणला.

घोडबंदरवासी

खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिणं, हे आमच्याकडे आजपासून सुरू. त्या ढिगाचं काय केलंत शेवटी?

कोपरखैरणे

सुती तेवढं गोधड्या शिवणाऱ्या बायकांना दिलं. बाकीचं पार्किंगच्या कोपऱ्यात पुढचे कित्येक महिने पडून होतं, आणि त्यावरून सोसायटीच्या सभेत आम्हालाच बोलणी बसली.

वागळे इस्टेट

मी थोडं वेगळं सांगतो, राग मानू नका. वाटपाच्या आठवड्यात कुणी न सांगता आलं तर मी सरळ सांगतो: चहा घ्या, चावी घ्या, खाली पोळीभाजी केंद्र आहे, मी रात्री भेटतो. मेहुणे रुसले, रुसू दे. ऑफिसला दांडी मारून पाहुण्यांजवळ बसा असं कुणी म्हणत नाही ना? मग पगार नसलेल्या कामाला दांडी चालते असं का समजतात?

वऱ्हाडी ठाणेकर

वागळे, तुमच्याकडे यायला हिंमत लागते बाप्पा.

आमचा किस्सा छोटा. इकडे शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, आमच्या विदर्भात उन्हामुळे जूनअखेर. त्यामुळे माझ्या घरात वह्यांचे गठ्ठे पडलेले असतात तेव्हा बहिणीच्या पोरांना सुट्टी असते. पहाटे अमरावती एक्स्प्रेसने ठाण्याला उतरून ताई तीन पोरांसह हजर. "काहून रे, दार उघडाले इतका वेळ?"

काम होतं वह्या मोजून इयत्तेप्रमाणे संच लावायचं. दुरेघी, चौरेघी, चौकटी, मोठी. पोरांना लावलं. धाकटा हुशार, त्याने प्रत्येक गठ्ठ्यातली वरची वही आपल्यासाठी बाजूला काढली, "खालच्या दबल्या नाहीत का तपासतोय" म्हणून. ताईने पाहिलं आणि त्याच्याकडूनच त्या परत मोजून लावल्या. तो दिवसभर फुगून. जाताना मी बाजारातून एक डझन वह्या घेऊन दिल्या तर म्हणतो, "मामा, याच्यावर तो शिक्का नाही."

कळवा नाका

@नेरूळ पूर्व, मामांचा थेंब पुढे कधी बुडाला का?

नेरूळ पूर्व

बुडाला की. पालक-बीट खाऊन, गोळ्या घेऊन पुढच्या मे महिन्यात आले, यावेळी फोन करून. थेंब तळाला गेला, टाळ्या पडल्या. मग मुलीने फॉर्मवरची जन्मतारीख वाचली. वयाची मर्यादा ६५, मामा दोन महिन्यांनी पुढे गेलेले. मामींनी मात्र बाईमाणसाला लागणारं १२० दिवसांचं अंतर सांभाळून मधल्या काळात सांगलीतही एकदा दिलं होतं. मामा आता नोंदणीच्या टेबलावर बसतात आणि लोकांचं वय आधी विचारतात.